घरच्या शेगडीवर शेजवान नूडल्स: लगदा का होतो आणि तिखट कसं बसवायचं

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलं आहे: "घरी चौघांसाठी व्हेज शेजवान नूडल्स करते. पाकिटावर लिहिल्याप्रमाणे उकळते, भाज्या घालते, बाटलीतलं सॉस घालते, वरून लाल तिखटही घालते. तरी कढईत पाणी साचतं, नूडल्स तुटून लगदा होतो, तिखट नुसतं जिभेला झोंबतं आणि परतताना मुलं खोकून बेजार होतात. गाडीवरची चव घरी येतच नाही का? पाइपच्या गॅसमुळे असं होतं का?"

ताई, चव येते. गॅसचा यात थोडा हात आहे, पण मुख्य अडचण पाण्याची आहे. लगदा, साचलेलं पाणी, फिकी चव या सगळ्यांचं मूळ एकच. तिखटाची गोष्ट वेगळी आहे, तिच्याकडे नंतर येतो.

मी ठाण्यात नौपाड्याच्या एका शाकाहारी हॉटेलात अकरा वर्षं चायनीजच्या कढईवर उभा होतो. गेली आठ वर्षं कोपरखैरण्यात राहत्या घरातून ऑर्डरी घेतो, तुमच्यासारख्याच पाइपच्या गॅसवर. दोन्ही आगी चांगल्या ओळखीच्या आहेत. घरून काम सुरू केलं त्या पहिल्याच आठवड्यात एका वाढदिवसाची आठ प्लेट नूडल्सची ऑर्डर होती. हॉटेलात चार प्लेट एका कढईत सहज निघायच्या, म्हणून घरीही तशाच टाकल्या. कोबी पडेपर्यंत कढई चरचरत होती. कोबी पडला आणि अर्ध्या मिनिटात आवाज बदलला. चरचर थांबून बुडबुड सुरू झाली, तळाशी तपकिरी पाणी दिसायला लागलं. मी आच वाढवायला हात नेला तर नॉब आधीच शेवटपर्यंत फिरलेला. त्या चार प्लेट मी दिल्या नाहीत. पुन्हा केल्या, एकेक प्लेट करून, आणि त्या दिवसापासून घरची कढई वेगळ्या पद्धतीने वापरायला लागलो.

आधी आगीचा फरक समजून घ्या. गाडीवर किंवा हॉटेलात १९ किलोचा सिलिंडर असतो, त्यावर जास्त दाबाचा रेग्युलेटर आणि खाली घोंघावत पेटणारी भट्टी. ज्वाळा कढईच्या कडेपर्यंत चढते. घरच्या शेगडीचा मोठा बर्नर साधारण दोन-अडीच किलोवॅटचा, भट्टी त्याच्या कितीतरी पट. घरात सिलिंडर असो की महानगर गॅसची पाइपलाइन, दाब मुद्दामच कमी ठेवलेला असतो. त्यामुळे पाइपचा गॅस आहे म्हणून नूडल्स बिघडतात असं नाही, सिलिंडरवरही हेच झालं असतं.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. काही जण घरात भट्टी आणि जास्त दाबाचा रेग्युलेटर बसवायचा विचार करतात. बंद स्वयंपाकघरात, रबरी नळीवर, वर चिमणीला तेल लागलेलं, अशा ठिकाणी तो प्रकार करू नका. नूडल्ससाठी त्याची गरजही नाही.

आता पाण्याचा हिशोब. लोखंडी कढई मोठ्या आचेवर चांगली तापवा, आच जरा कमी करून अर्धी वाटी पाणी कडेने हळूच सोडा आणि आच परत मोठी करा. तापलेल्या कढईतून पाणी उसळतं, म्हणून जरा लांब उभं राहा. ते पाणी पूर्ण उडायला तीन-चार मिनिटं लागतात. कोबीत आणि ढोबळी मिरचीत शंभरातले नव्वदहून जास्त भाग पाणीच असतं. चौघांसाठी तुम्ही अर्धा किलो तरी भाजी घालत असाल. त्यातलं पावभाग पाणी जरी सुटलं तरी अर्ध्या वाटीच्या वर गेलं. शिवाय नूडल्सना चिकटून आलेलं पाणी, सॉसमधलं पाणी, धुतलेल्या भाजीवरचं पाणी. भट्टीवर हे सुटता सुटता वाफ होऊन जातं. घरी ते तळाशी बसतं. आणि तळाशी पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या वर फारसं चढत नाही. म्हणजे नूडल्स परतल्या जात नाहीत, दुसऱ्यांदा शिजतात. एकदा शिजलेल्या नूडल्स दुसऱ्यांदा पाण्यात शिजल्या की लगदा व्हायचाच.

म्हणून घरी करायचं ते हे: कढईत जाणारं पाणी बाहेरच अडवायचं आणि जे अडत नाही ते शेगडीला झेपेल इतकंच एका वेळी टाकायचं. चौघांसाठी करायचं तर दोनदा करा. प्रत्येक घाण्याला कोरड्या नूडल्स ७५ ते १०० ग्रॅम आणि भाज्या १२० ते १५० ग्रॅम, त्याहून जास्त नको. एक घाणा सात-आठ मिनिटांत निघतो. दोन घाण्यांना पाव तास. चौघांचं एकदम टाकून, पाणी आटण्याची वाट बघत उभं राहण्यात त्याहून जास्त वेळ जातो.

नूडल्स उकळण्यापासून सुरुवात करू. पाकिटावर लिहिलेला वेळ हा लगेच खायच्या नूडल्सचा असतो. आपल्याला त्या परत कढईत घालायच्या आहेत, म्हणून त्याहून मिनिट-दीड मिनिट आधी उतरवायच्या. २०० ग्रॅमला किमान दोन लिटर पाणी घ्या, त्यात दोन चहाचे चमचे मीठ. पाणी कमी घेतलं की सुटलेला स्टार्च त्यातच फिरतो आणि नूडल्स एकमेकींना चिकटतात. पाणी खळखळ उकळल्यावरच टाका, पहिलं अर्धं मिनिट काट्याने मोकळ्या करा, नंतर सारखं ढवळू नका. पाण्यात तेल घातल्याने फेस उतू जात नाही, इतकाच त्याचा उपयोग. चिकटणं थांबतं ते नंतरच्या धुण्याने.

शिजल्याची खूण अशी. एक नूडल काढा, नखाने तोडा आणि तुटलेलं टोक उजेडाकडे धरून बघा. मधोमध टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसला पाहिजे. ठिपका मोठा असेल तर अजून थोडं, ठिपका नसेलच तर उशीर झाला. तो ठिपका दिसताक्षणी रोळीत ओता आणि नळाच्या थंड पाण्याखाली हाताने उलटसुलट करून धुवा, रोळीखालचं पाणी नितळ येईपर्यंत. धुण्याने शिजणं थांबतं आणि वरचा चिकट स्टार्च निघून जातो.

आणि पुढची पायरी घरी जवळजवळ सगळेच गाळतात: वाळवणं. रोळी चांगली झटका, पाच मिनिटं निथळू द्या, मग नूडल्स मोठ्या परातीत पसरा, एक चहाचा चमचा तेल हाताने चोळा आणि पंख्याखाली अर्धा तास ठेवा. पावसाळ्यात आपल्याकडे हवाच ओली असते, तेव्हा पाऊण तास लागतो. हाताला ओलावा न लागता नुसता तेलाचा गुळगुळीतपणा लागला की झाल्या. वेळ असेल तर फ्रिजमध्ये उघड्या ताटात दोन तास ठेवा, गारठ्याने स्टार्च घट्ट होतो आणि परतताना नूडल तुटत नाही. हॉटेलात आम्ही दुपारी उकळून ठेवायचो आणि संध्याकाळच्या गर्दीत वापरायचो. गाडीवरच्या नूडल्स सुट्या असण्यामागे भट्टीइतकाच या दुपारच्या कामाचा हात असतो. मात्र उकळलेल्या नूडल्स दिवसभर ओट्यावर ठेवू नका. तास-दीड तासात वापरायच्या नसतील तर फ्रिजमध्येच.

पाकीट घेताना 'हक्का नूडल्स' लिहिलेलं, अंड्याशिवायचं घ्या आणि हिरवं चिन्ह बघून घ्या. दोन मिनिटांत होणाऱ्या नूडल्स वापरू नका. त्यातल्या बऱ्याचशा आधीच तळलेल्या असतात, त्या परतणं सोसत नाहीत. हक्का हे मुळात एका चिनी समाजाचं नाव. कोलकात्यात स्थायिक झालेल्या या लोकांचे टांग्रा भागात चामड्याचे कारखाने होते, आणि आज आपण ज्याला चायनीज म्हणतो त्या स्वयंपाकाचा पाया तिथे घातला गेला.

भाज्या. कोबी, गाजर, फरसबी, ढोबळी मिरची, कांदा आणि पातीचा कांदा एवढं पुरे. सगळ्या भाज्या चिरण्याआधी धुवा आणि कोरड्या फडक्याने पुसा. चिरल्यावर धुतलेला कोबी कढईत तलाव करतो. कोबी किसू नका, यंत्रात फिरवू नका. धारदार सुरीने लांब, पाव सेंटिमीटर रुंदीचा चिरा. जितका बारीक तितका तो लवकर पाणी सोडतो. गाजर काडेपेटीतल्या काडीएवढं, फरसबी तिरकी आणि बारीक, कारण या दोघी शिजायला वेळ घेतात. ढोबळी मिरचीच्या आतला पांढरा गर आणि बिया काढून टाका. मशरूम किंवा पनीर घालायचं असेल तर आधी वेगळं परतून बाजूला ठेवा, मशरूम तर फारच पाणी सोडतात. आणि भाज्या परतताना मीठ घालू नका. मीठ लागलं की भाजी पाणी टाकते हे आपल्याला काकडीच्या कोशिंबिरीवरून माहीत असतं, पण नूडल्स करताना नेमकं विसरतं.

आता तिखट. तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लाल तिखटाची पूड कडक तापलेल्या तेलात पडली की काही सेकंदांत करपते. कोरडी आणि बारीक असल्यामुळे तिला वेळच मिळत नाही. करपलेल्या मिरचीचा कडवटपणा नूडल्सला लागतो आणि तिचा धूर घरभर पसरतो, मुलं खोकतात ती त्याने. वरून, तयार नूडल्सवर पूड भुरभुरली तर ती कच्चीच राहते आणि जिभेला झोंबते. मिरचीचा रंग आणि तिखटपणा दोन्ही तेलात उतरतात, पाण्यात फारसे नाहीत. त्यामुळे मिरची मंद आचेवर तेलात निवांत शिजली पाहिजे, आणि हे काम नूडल्सच्या कढईत होऊ शकत नाही. ते आधी, वेगळं, चटणी करून उरकायचं. बाटलीतलं सॉस चालतं, पण बऱ्याच सॉसांत साखर, घट्टपणासाठी स्टार्च आणि पाणी असतं. म्हणजे पुन्हा पाणीच.

चटणीसाठी दोन मिरच्या लागतात. एक रंगाची आणि एक तिखटाची. रंगाला बेडगी. सुरकुतलेली, गडद लाल, तिखट बेताचीच, पण तेलाला असा रंग देते की खाण्याचा रंग घालायची गरज उरत नाही. कर्नाटकातल्या या मिरचीला २०११ साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. तिखटाला गुंटूर, लवंगी किंवा संकेश्वरी, घरात जी असेल ती. मी मिरची वर्षाच्या मसाल्याच्या दिवसांत, एप्रिल-मे महिन्यांत, तुर्भ्याच्या मसाला बाजारातून घेतो. तुम्हाला ऐरोलीहून ते जवळच आहे, ठाण्याकडे गेलात तर जांभळी नाक्यालाही चांगली मिळते. हातात घेऊन वाकवा. लवचिक, चमकदार आणि देठ घट्ट असलेली घ्या. दाबल्यावर भुगा होणारी जुनी असते, तिचा रंग उतरलेला असतो.

४० ग्रॅम बेडगी आणि १० ग्रॅम तिखट मिरची. देठ काढा, बेडगीच्या बिया बऱ्याचशा झटकून टाका. कढत पाण्यात अर्धा तास भिजवा, वर वाटी ठेवून दाबून ठेवा म्हणजे तरंगत नाहीत. मग पाणी काढून, भिजवलेल्या पाण्याचे दोन-तीन चमचे घालून वाटा. अगदी गंध करू नका, जरा रवाळ राहू दे. ६० ग्रॅम लसूण आणि २० ग्रॅम आलं सुरीने बारीक चिरा, वाटू नका. वाटलेलं आलं-लसूण पाणी सोडतं आणि तळाला धरतं, चिरलेलं सुटं तळलं जातं. जाड बुडाच्या पातेल्यात पाऊण वाटी शेंगदाण्याचं रिफाइंड तेल मध्यम तापवा. लसणाचा एक तुकडा टाकला की त्याच्याभोवती बारीक बुडबुडे आले पाहिजेत, उडता कामा नये. लसूण घाला आणि मंद आचेवर हलवत राहा. कडा किंचित सोनेरी व्हायला लागल्या की लगेच आलं, आणि मिळाली तर सेलरीची बारीक चिरलेली दांडी. लसूण तपकिरी झाला तर ती चटणी टाकून द्यावी लागते, कडवटपणा कशानेही जात नाही. मग वाटलेली मिरची.

इथून पुढे बारा ते पंधरा मिनिटं मंद आच आणि तुमचं लक्ष. सुरुवातीला ती फदफदते आणि शिंतोडे उडतात, तेव्हा अर्धवट झाकण ठेवा. हळूहळू फदफद कमी होते, रंग तांबड्याकडून गडद विटकरीकडे जातो, कच्च्या मिरचीचा उग्र वास जाऊन गोडसर खमंग वास येतो. मग कडेने लाल तेल सुटायला लागतं. पळीने मधोमध रेघ ओढा. रेघ क्षणभर तशीच राहिली आणि तिच्यात तेल झिरपलं, की मिरचीतलं पाणी गेलं. आता दीड चहाचा चमचा मीठ, दोन चमचे साखर, एक चमचा सोया सॉस आणि दोन मोठे चमचे व्हिनेगर. दोन मिनिटांनी उतरवा. या सगळ्या वेळात एक्झॉस्ट पंखा सुरू ठेवा, तोही गॅस पेटवण्याआधीच.

ही चटणी ठेवायची कशी, यात हयगय करू नका. लसूण तेलाखाली हवा न लागता राहिला की त्यात बोट्युलिझमचे जंतू वाढून विष तयार होऊ शकतं, आणि त्याचा वास किंवा चव येत नाही. व्हिनेगरने धोका कमी होतो, तरी ओट्यावर बरणी ठेवायची नाही. गार झाली की लगेच फ्रिजमध्ये, आणि आठवड्याच्या आत संपवा. उरलेली बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवा, एका घाण्याला दोन ठोकळे पुरतात.

आता कढईवर येऊ. कढई लोखंडी, पसरट, फूटभर व्यासाची. नॉनस्टिक रिकामं इतकं तापवायचं नसतं, त्याचं आवरण खराब होऊन घातक धूर निघतो, म्हणून या कामाला ते घेऊच नका. सगळं हाताशी मांडून ठेवा, कारण पुढची सात मिनिटं डबा शोधायला वेळ नसतो. रिकामी कढई तीन मिनिटं मोठ्या आचेवर. पाण्याचा थेंब टाकला की तो गोळी होऊन नाचला पाहिजे. मग दीड मोठा चमचा तेल, कढई फिरवून सगळीकडे लावून घ्या. बारीक चिरलेला लसूण आणि एक हिरवी मिरची, दहा सेकंद. कांदा, अर्धं मिनिट. गाजर आणि फरसबी, एक मिनिट. शेवटी कोबी आणि ढोबळी मिरची, जेमतेम पाऊण मिनिट, म्हणजे रंग खुलतो पण दाताखाली कुरकुर राहते.

आणि आता भाजी ताटात काढून घ्या. हॉटेलात हे कुणी करत नाही, तिथे गरज नसते. घरी हीच पायरी सगळं बदलते. भाजी बाहेर, तिचं पाणी बाहेर, आणि रिकामी कढई मिनिटभरात पुन्हा तापते. तिच्यात एक मोठा चमचा तेल घालून फक्त नूडल्स पसरा आणि पाऊण मिनिट हात लावू नका. हे जमवायला धीर लागतो, हात आपोआप कालथ्याकडे जातो. तळाच्या नूडल्सना जागोजागी सोनेरी डाग पडले पाहिजेत, भाजक्या पापडासारखा वास आला पाहिजे. गाडीवरचा जो धुरकट खमंगपणा आपण म्हणतो, त्याच्या सगळ्यात जवळ घरी इथेच जाता येतं. मग कालथ्याने खालून वर उलटा, ढवळू नका, आणि दुसऱ्या बाजूला अर्धं मिनिट द्या.

नूडल्स मध्यातून बाजूला सारा, तिथे दीड ते दोन मोठे चमचे चटणी टाका, दहा सेकंद तेल सुटू द्या आणि दोन कालथे घेऊन नूडल्स उचलून उचलून तिच्यात घोळवा. सोया सॉस दोन चहाचे चमचे, पण नूडल्सवर नाही, कढईच्या गरम कडेवर ओता. कडेला लागताच ते चर्र करून आटतं, थोडं जळल्यासारखं होतं आणि त्याचा वास बदलतो. तोच सॉस नूडल्सवर ओतला तर नुसता ओला खारट डाग पडतो. गडद सोया सॉस रंगासाठी आणि साधा मिठासाठी असतो. शेजवानला रंग चटणीचा हवा, म्हणून गडद अर्ध्या चमच्याच्या वर नको, नाहीतर लाल नूडल्स काळपट दिसतात.

भाजी परत घाला, पाव चमचा पांढरी मिरी पूड, चवीपुरतं मीठ. सोया आणि चटणी दोन्ही खारट असतात, आधी चाखून बघा. पांढरी मिरी आणायला आळस करू नका. काळ्या मिरीचा वास आपल्याला रस्समकडे नेतो, पांढऱ्या मिरीचा चायनीजच्या गाडीकडे. व्हिनेगर एक चमचा सगळ्यात शेवटी, कारण तापलेल्या कढईत त्याचा वास उडून जातो. पातीचा कांदा घालून गॅस बंद.

चवीच्या बाबतीत अजिनोमोटोबद्दल लोक हळू आवाजात विचारतात, म्हणून स्पष्ट लिहितो. गाडीवरच्या चवीत त्याचा वाटा असतो. १९०८ साली किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या सुपातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि पुढच्याच वर्षी ते या नावाने विकायला आलं. टोमॅटोत, मशरूममध्ये, सोया सॉसमध्ये ग्लुटामेट असतंच. एका प्लेटला दोन चिमट्या घातलं तर काही बिघडत नाही असं माझं मत आहे, मूठभर घालणाऱ्यांचं मी समर्थन करणार नाही. वापरायचं नसेल तर वाळवलेल्या मशरूमची पूड अर्धा चमचा चटणीत शिजवा, बरीचशी पोकळी भरून निघते.

शेजवान हे नाव चीनच्या सिचुआन प्रांतावरून आलं, पण तिथल्या स्वयंपाकाशी आपल्या चटणीचं नातं लांबचं आहे. तिथे मिरचीबरोबर एक फळ वापरतात, त्याने जीभ बधिर होऊन झिणझिण्या येतात. आपल्या शेजवानमध्ये ते नसतं. गंमत अशी की त्याचं जवळचं भावंडं आपल्या कोकणात आहे, तिरफळ. दोन्ही एकाच कुळातली झाडं. बांगड्याच्या सारात ठेचून घालतात तेच. मी एकदा गावाहून आणलेली चार तिरफळं, आतली काळी बी काढून, नुसती टरफलं तव्यावर गरम करून ठेचली आणि चटणीत घातली. ओठांवर हलकी मुंगी चढली आणि तिखटाला एक खोली आली. ज्यांच्या घरी तिरफळ आहे त्यांनी एकदा करून बघावं, चारच्या वर मात्र नको, वास सगळ्यावर चढतो.

आपल्या चायनीजची रीत मुंबईतही घडली आहे. १९७५ साली नेल्सन वांग यांनी क्रिकेट क्लब ऑफ इंडियात मंचुरियन पहिल्यांदा केलं असं मानलं जातं. चिरलेलं आलं, लसूण, हिरवी मिरची, आणि गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस व कॉर्नफ्लॉवर. या रस्श्याला कॉर्नफ्लॉवर लागतं. कोरड्या नूडल्सना ते लावू नका, पाणी लपवायला तर नकोच. चिकट लेप बसतो.

माझ्याकडे जैन ऑर्डरीही बऱ्याच येतात. कांदा, लसूण, आलं, गाजर सगळं वगळायचं. चटणीत लसणाऐवजी सेलरी आणि कोबीचा बारीक चिरलेला दांडा तेलात सोनेरी करा, चव चांगली भरते. सुंठ चालते का ते त्या घरी आधी विचारून घ्या, सगळीकडे चालत नाही. कढईही आधी स्वच्छ घासलेली हवी, हे त्यांच्या दृष्टीने चवीपेक्षा मोठं असतं.

मुलांसाठी चटणी फक्त बेडगीची करा आणि वेगळ्या बाटलीत ठेवा. रंग तोच दिसतो, ताट वेगळं वाटत नाही. मोठ्यांना जास्त तिखट हवं असेल तर त्यांच्या घाण्यात हिरवी मिरची वाढवा, पूड नको.

डब्याला द्यायच्या असतील तर परतून झाल्यावर ताटात पसरून वाफ पूर्ण जाऊ द्या, मग भरा. गरम भरलेल्या डब्यात झाकणावरचं पाणी परत नूडल्सवर पडतं. उरलेल्या नूडल्स दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हपेक्षा तापलेल्या लोखंडी तव्यावर, अर्धा चमचा तेल घालून, न हलवता मिनिटभर ठेवून गरम करा. मला स्वतःला त्या पहिल्या दिवसापेक्षा आवडतात.

ताई, पुढच्या वेळी एकच घाणा करून बघा आणि तरीही तळाशी पाणी दिसलं तर ते नेमकं काय टाकल्यावर दिसलं ते लक्षात ठेवून मला लिहा. कांद्यानंतर दिसलं तर कढई तापली नव्हती, कोबीनंतर दिसलं तर भाजी जास्त किंवा ओली होती, नूडल्सनंतर दिसलं तर त्या परातीत पुरेशा वाळल्या नव्हत्या.